पावतीवर ३.६, दर मात्र ३.५ चा: जुन्या व्हर्जनवाल्यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय सॉफ्टवेअर अपग्रेडचा. म्हणजे बग सापडतो, कंपनी तो नवीन व्हर्जनमध्ये दुरुस्त करते, आणि जुन्या व्हर्जनवाल्याला सांगते, 'अपग्रेड करा'. हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलं असेल, मोजलेलं नाही. त्यातल्या तीन वेळांची गोष्ट आज सांगतो.

थोडं माझ्याबद्दल. मी खानापूर तालुक्यातला, विट्याच्या बाजूचा. आजोळ साताऱ्याकडे, माण तालुक्यात. बीटेक सांगलीत झालं आणि आता पुण्यात नोकरी करतो. आमची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच आहे.

ज्यांनी कधी डेअरीला दूध घातलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी सहाच्या सुमाराला माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. दूध काट्यावर ओतायचं, त्यातला वाटीभर नमुना मशीनला लावायचा. मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवतं. फॅट म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ म्हणजे पाणी आणि फॅट सोडून दुधात उरतं ते. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर सांगतात तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा. त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे दर चढतो, उतरतो. ते दरपत्रक केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेलं असतं. काटा आणि मशीन दोन्ही कॉम्प्युटरला जोडलेले असतात. कॉम्प्युटर दरपत्रकातून दर शोधतो आणि पावती छापतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पशुखाद्य आणि उचल कापून घेतात. आमचं सॉफ्टवेअर ते हेच.

आता २०२४ ची सुरुवात आठवा. राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू केलं. त्यासाठी दूध उत्पादकाचं बँक खातं, आधार, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, अशी सगळी माहिती ठरलेल्या पद्धतीनं भरून पाठवायची होती. केंद्रांचे फोनवर फोन येत होते. मग आम्ही फेब्रुवारीत घाईघाईनं चार नंबरच्या व्हर्जनवर एक छोटं अपडेट दिलं. अनुदानाची माहिती त्यातून नीट जायला लागली. पण त्याच अपडेटमध्ये मशीनकडून आकडा वाचून घेण्याचा भाग कुणीतरी थोडा बदलला होता. त्या बदलातली एक ओळ चुकली.

ही चूक समजून घेण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबतो. एक भागिले तीन दशांशात लिहायला बसलात तर ०.३३३ असं लिहीत जाल आणि कुठेतरी दमून थांबाल. कॉम्प्युटरचं तसंच आहे. तो दोनच्या पायात मोजतो, आणि दोनच्या पायात ३.६ पूर्ण लिहिता येत नाही. आम्ही वापरत होतो त्या प्रकारात ३.६ साठवला की तो ३.५९९९९९९ च्या आसपास बसतो. पडद्यावर आणि पावतीवर तो ३.६ असाच दिसतो, कारण छापताना गोल केलेला असतो. पण दर शोधताना नवीन ओळ काय करायची? आकड्याला दहाने गुणायची आणि दशांशापुढचं सरळ कापून टाकायची. म्हणजे ३५.९९९९९ चा झाला ३५. दर निघाला ३.५ च्या घरातला.

गंमत अशी की सगळे आकडे असे घसरत नाहीत. ३.७ आणि ३.९ साठवले की किंचित वर बसतात, त्यांना काही होत नाही. ३.६, ३.८, ४.१, ४.२ खाली बसतात, ते एक पॉइंट गमावतात. एसएनएफमध्ये ८.२ आणि ८.४. आणि ३.५, ८.५ तर दोनच्या पायात अगदी नेमके लिहिता येतात, साडेतीन आणि साडेआठच ना ते. आमची टेस्टिंग कशावर चालायची? ३.५ आणि ८.५ वर! मूळ दर तोच, म्हणून सवयीनं तेच आकडे टाकायचो. सगळं हिरवं दिसायचं.

हा बग आमच्याकडे सापडला तोवर पाच नंबरचं व्हर्जन तयार होत आलं होतं. त्यात आकडा वाचायचा भाग नव्यानं लिहिलेला होता, त्यामुळे तिथे बग आपोआप गेला. आणि चार नंबरवाल्यांसाठी ठरलं की त्यांनी पाचवर यावं.

माझं काम तेव्हा अर्धं कोडिंगचं आणि अर्धं तक्रारी बघण्याचं. तक्रार आली की तिचं तिकीट तयार होतं. दराची तक्रार, व्हर्जन चार, असं दिसलं की मी इंग्रजीत तयार ठेवलेलं उत्तर टाकायचो: पाच नंबरमध्ये दुरुस्त झालंय, कृपया अपग्रेड करा. तिकीट बंद. आमच्या भाषेत 'रिझॉल्व्ड'. ती चुकीची ओळ मी लिहिलेली नव्हती. तिकिटं मात्र मी बंद केलेली होती.

२०२५ च्या चैत्रात यात्रेला गावी गेलो होतो. सकाळी आत्याबरोबर सहज डेअरीवर गेलो. तिची एक जर्सी गाय आहे, वेळेला सहाएक लिटर दूध घालते. पावती हातात आल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्याच कंपनीचं हाय न्हवं हे?"

"हो आत्या, आमचंच."

"मग हे बघ की. मशीनवर तीन सहा, पावतीवर तीन सहा, आन् पैसं तीन पाचचं."

मी पावती बघितली, भिंतीवरचं दरपत्रक बघितलं. बरोबर होतं तिचं. एका पॉइंटचा फरक ३० पैसे. सहा लिटरला एक रुपया ऐंशी पैसे. घरी गेल्यावर तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढला. रबर लावून ठेवलेला, दहा-दहा दिवसांचा वेगळा. फरकाच्या पावतीवर पेननं फुली. चौथी शिकलेली बाई आहे माझी आत्या. आमच्या टेस्टिंग टीमला सापडलं नाही ते तिनं सकाळ-संध्याकाळ रांगेत उभं राहून शोधलेलं.

पैशाचं सोडा, त्याहून वाईट गोष्ट दुसरीच होती. गावात बोललं जात होतं की सेक्रेटरी मापात पाप करतो. सेक्रेटरी म्हणजे तात्या, सगळं गाव त्यांना तात्याच म्हणतं. केंद्राला वरून पैसे मिळतात ते टँकरच्या एकत्र नमुन्यावर. सभासदांना वाटताना प्रत्येकाच्या फॅटवर. मधे दर दहा दिवसाला काही रक्कम शिल्लक राहायला लागली होती, आणि ती कशी राहते हे तात्यांना कुणाला समजावून सांगता येईना. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "तीन येळा लिवलं तुमच्या कंपनीला. तिन्ही येळा इंग्रजीतनं उत्तर. पोरानं वाचून दावलं. नवीन घ्या म्हणत्यात."

मी विचारलं, मग घेतलं का नाही तात्या?

त्यांनी मला केंद्रात नेलं आणि कॉम्प्युटर दाखवला. विंडोज ७, दोन जीबी रॅम. आमच्या पाच नंबरला विंडोज १० लागतं. काटा आणि फॅट मशीन जुन्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टला जोडलेले, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याहून जुन्या रुंद पोर्टला. नवीन कॉम्प्युटरला ही दोन्ही पोर्ट मिळणं मुश्कील. म्हणजे व्हर्जन बदलायचं तर कॉम्प्युटर बदला, प्रिंटर बदला, मशीनला कन्व्हर्टर घ्या. हा खर्च सभेत मंजूर करून घ्यायचा, आणि तोही ज्याच्यावर संशय आहे त्या सेक्रेटरीनं. वर उचल आणि पशुखाद्याचे चालू हिशोब बिलाच्या मधेच नवीन डेटाबेसमध्ये न्यायचे. आणि मुख्य म्हणजे, मागचं अपडेट घेतलं त्यातूनच तर हा घोळ आला होता. मग पुढचं घ्या म्हणणाऱ्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

ती इंग्रजी उत्तरं मीच लिहिली होती हे त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही.

इथे जरा आमच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कंपन्या मुद्दाम छळतात. जुनी व्हर्जन सांभाळणं खरंच महाग असतं. समजा तीन व्हर्जन, दोन प्रकारचं विंडोज आणि चार कंपन्यांची फॅट मशीन, की झाल्या २४ जोड्या. एक ओळ बदलली तरी चोवीस ठिकाणी तपासायची. आमची टीम सात जणांची. म्हणून मोठ्या कंपन्याही कुठेतरी रेघ मारतात. विंडोज ७ ची मोफत दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला संपली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला, घरगुती वापरासाठी वर्षभराची जादा मुदत देऊन. म्हणजे आमच्या सांगण्यावरून ज्यांनी विंडोज १० चा सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, तेही आता जुनेच.

पण रेघ मारली म्हणून तिच्या पलीकडची माणसं नाहीशी होत नाहीत, हे मायक्रोसॉफ्टलाही एकदा मान्य करावं लागलं होतं. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवत असेल. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. ज्या भोकातून तो शिरायचा ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेली होती, पण चालू व्हर्जनांना. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ ला संपला होता, त्यामुळे ती दुरुस्ती एक्सपीला सगळ्यांसाठी खुली नव्हती. १२ मे ला हल्ला झाला आणि लगेच त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही ती खुली केली. आता यातला दुसरा भाग लोक सांगत नाहीत. नंतर मोजल्यावर दिसलं की फटका बसलेली बहुतेक मशीन एक्सपीची नव्हती, विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिने उपलब्ध होती. पोचली नव्हती, किंवा कुणी बसवली नव्हती. त्याच भोकाचा वापर करणारा आणखी एक हल्ला २७ जून २०१७ ला आला, त्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तासगाव-पलूसकडची निर्यातीची द्राक्षं जेएनपीटीवरूनच जातात. बरं, जूनमध्ये द्राक्षाचा हंगाम नसतो.

म्हणजे दुरुस्ती तयार होणं आणि दुरुस्ती पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचं श्रेय आम्ही घेतो. दुसरं ग्राहकावर सोडतो.

ई-पीक पाहणीचंही उदाहरण जवळचं आहे, कारण ते ॲप गावात प्रत्येकानं कधी ना कधी हाताळलंय. १५ ऑगस्ट २०२१ ला ते राज्यभर सुरू झालं आणि पुढच्याच खरिपाला, ऑगस्ट २०२२ मध्ये, व्हर्जन दोन आलं. जुनं काढा, नवीन टाका. बदल चांगले होते. चुकून दुसरंच पीक नोंदवलं तर ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतःच दुरुस्त करता यायला लागलं. पण माझ्या मामांना हे कळायला गावातल्या पोरांनी येऊन ॲप बदलून द्यावं लागलं. त्यांच्या फोनमध्ये जागाच शिल्लक नव्हती, आधी व्हॉट्सॲपवरचे सुप्रभातचे फोटो पुसावे लागले. तिथे एक सोय बरी होती की एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता यायची. ज्याचा फोन जुना, त्यानं शेजाऱ्याचा वापरावा. जुन्यांना असा एखादा रस्ता ठेवला की काम निभतं.

असो. आपल्या गोष्टीकडे येतो.

पुण्याला परत गेल्यावर मी लीडला पावत्यांचे फोटो दाखवले. म्हटलं, चार नंबरलाच दुरुस्ती देऊ. नवीन काही नको, फक्त ती एक ओळ. याला आमच्यात 'बॅकपोर्ट' म्हणतात, नव्यातली दुरुस्ती मागे नेऊन जुन्याला लावायची. लिनक्सच्या दुनियेत हे रोजचं काम आहे. उबुंटूची एलटीएस व्हर्जन घ्या, पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात आणि तुमचं चालू काम कुणी हलवत नाही. लीड म्हणाली, ओळ बदलायला किती वेळ? मी म्हटलं, दहा मिनिटं.

लागले सोळा दिवस. कारण चार नंबर ज्या मशीनवर बनायचं ते मशीनच काढून टाकलं होतं. जुना कंपायलर शोधला, एक लायब्ररी कुणाच्या तरी बॅकअपमध्ये सापडली. मग ३.० ते ६.० पर्यंतचे ३१ फॅट आणि ७.५ ते ९.५ पर्यंतचे २१ एसएनएफ, अशा ६५१ जोड्या एकेक करून दरपत्रकाशी ताडून बघणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जुन्या अपडेटवर चालवला तेव्हा लाल ओळींची रांग लागली. ही तपासणी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली असती तर अर्ध्या दिवसाचं काम होतं.

वाटप इंटरनेटवरून करायला गेलो तर निम्म्या केंद्रांवर अँटीव्हायरसनं फाईल उडवली. शेवटी आमची सर्व्हिसवाली मुलं पेनड्राइव्ह घेऊन फिरली. विटा, तासगाव, कडेगाव, मग कराड, दहिवडी, फलटण. सकाळचं संकलन संपल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आत.

आणि माणमध्ये, माझ्याच आजोळच्या बाजूला, नवीन घोळ झाला. तिथल्या सेक्रेटरीनं हा फरक आधीच ओळखला होता. आमच्या उत्तराची वाट न बघता ते दर दहा दिवसांनी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे आणि प्रत्येक सभासदाच्या 'इतर जमा'मध्ये फरक हातानं टाकायचे. आम्ही बग काढला, पण काढला हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सर्व्हिसचा मुलगा पेनड्राइव्ह लावून निघून गेला. त्या बिलात दर बरोबर लागला, वर हातानं टाकलेला फरकही गेला. केंद्राला भुर्दंड. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा धडा होता. जुन्या बगच्या भोवती लोकांनी स्वतःची व्यवस्था उभी केलेली असते. न विचारता बग काढला तर ती कोसळते.

मग आम्ही मराठीत एक पानाची सूचना काढली, मोठ्या अक्षरात, केंद्राच्या भिंतीवर लावता येईल अशी. काय चुकत होतं, कोणत्या आकड्यांना चुकत होतं, आता काय बदललं, आणि हातानं फरक टाकत असाल तर थांबवा. एका केंद्रावर विंडोज एक्सपी निघालं. तिथे छापून बघितलं तर 'ॲडव्हान्स'मधल्या ॲ च्या जागी चौकोन. कारण हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ ला आणि एक्सपी २००१ चं. त्याच्या फॉन्टला हे अक्षर ठाऊकच नाही. मी शब्द बदलून 'उचल' केला. गावात तोच शब्द चालतो, मी उगाच ॲडव्हान्स लिहून बसलो होतो.

मशीनचे मूळ आकडे जुन्या डेटात शाबूत होते, म्हणून कुणाचे किती पैसे कमी गेले हे काढता आलं. तेवढा एक अहवालही त्या दुरुस्तीत घातला. यावर ऑफिसात बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, आपण होऊन चूक आकड्यात मांडून द्यायची कशाला? ते मत मला आजही पटत नाही. पैसे केंद्राच्या खात्यात पडून होते, आणि तात्यांना गावाला दाखवायला कागद हवा होता.

जूनमध्ये तात्यांच्या केंद्रावर मी स्वतः गेलो. अहवाल छापून निघाल्यावर त्यांना सांगितलं, तात्या, ती तीन उत्तरं मीच लिहिली होती. ते म्हणाले, "मला ठावं हुतं. खाली नाव असतंय की."

फरकाचे पैसे दिवाळीआधी दिले, दरवर्षीच्या फरक बिलाबरोबर. आत्याचे ५८३ रुपये झाले. तिनं तिच्या फुल्या मोजून ५९० काढले होते. सात रुपयांचा हिशोब आमचा अजून चालू आहे.

आमच्या यादीतली १९ केंद्रं अजून जुन्याच अपडेटवर आहेत. काही फोन उचलत नाहीत, दोन-तीन बंद पडली असावीत. तुमच्या गावातल्या डेअरीत जुना कॉम्प्युटर असेल, सॉफ्टवेअर कुणाचंही असो, एवढं करा: ३.६ किंवा ३.८ फॅटची पावती घ्या, भिंतीवरच्या दरपत्रकाशी लावून बघा. एसएनएफची ओळ बघायला विसरू नका. फरक दिसला तर आधी सेक्रेटरीशी भांडू नका, पावतीचा फोटो काढून सॉफ्टवेअरवाल्याला पाठवा.

पुढच्या भागात वाई भागातल्या एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबबद्दल बोलू. तिथे सगळं जुन्या मशीनवर लिनक्स टाकून चालवलंय. तोवर, राम राम.